गेटवेवरून सूर्यास्ताची बोटफेरी करायची आहे? मग हे आधी वाचा

पहिल्या वेळी मी डोंबिवलीहून धावतपळत आले, गेटवेवर अर्ध्या तासाच्या फेरीचं तिकीट काढलं, वर बसायचे जास्तीचे पैसे दिले आणि मोबाइल सरसावून समुद्राकडे तोंड करून बसले. समोर पाणी, पलीकडे उरणच्या बाजूचे धूसर डोंगर. सूर्य कुठेच नाही. शेवटी शेजारच्या काकांनी खांद्यावर टिचकी मारून मागे बोट दाखवलं. सूर्य माझ्या पाठीशी होता आणि ताजच्या घुमटाआड निघाला होता. मुंबईत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईने गेटवेवर उभं राहून सूर्य पूर्वेला मावळायची वाट पाहिली होती!

त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन आले. काही फेऱ्या फसल्या, दोन अप्रतिम झाल्या. हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी दिशा समजून घ्या

गेटवे ऑफ इंडिया मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. समोर दिसतं ते बंदराचं पाणी, खुला अरबी समुद्र नव्हे. खुला समुद्र कुलाब्याच्या पाठीमागे, नरिमन पॉइंट आणि मलबार हिलच्या बाजूला. म्हणून गेटवेजवळच्या पाण्यातून पाहिलं तर सूर्य समुद्रात बुडत नाही, शहरामागे उतरतो. जाहिरातीत ‘सूर्यास्त फेरी’ असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण फोटोत दाखवलेला पाण्याला टेकलेला लाल गोळा इथून मिळत नाही.

मग मिळतं काय? गेटवेची कमान, ताजचा घुमट आणि मागे पेटलेलं आकाश. मला विचाराल तर हे दृश्य चौपाटीवरच्या सूर्यास्तापेक्षा सरस आहे, कारण ते फक्त पाण्यावरूनच दिसतं. मात्र तेच हवंय की सूर्य पाण्यात बुडताना बघायचाय, हे घरीच ठरवा. दोन्हींसाठी बोटी वेगळ्या आहेत.

२. चार प्रकारांतून आपला निवडा

*बंदरातली छोटी फेरी.* गेटवेच्या धक्क्यावरून सुटते, समोरच्या पाण्यात वळसा घालून परत येते. साधारण अर्धा ते एक तास. स्वस्त, गर्दीची, आगाऊ आरक्षणाची भानगड नाही. लहान मुलं किंवा पहिल्यांदाच बोटीत बसणारी माणसं सोबत असतील तर हीच घ्या. शहराच्या आडोशामुळे पाणी बऱ्यापैकी शांत असतं. किनाऱ्याजवळ सूर्य इमारतींमागे लवकर जातो, पण बोट आत गेली की इमारती खुज्या होतात आणि लपलेला सूर्य पुन्हा वर डोकावतो. म्हणून लांबची फेरी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी.

*घारापुरीहून परतीची शेवटची बोट.* ही माझी लाडकी. दुपारी घारापुरीला जायचं, लेणी बघायची आणि साडेपाचच्या सुमारास निघणारी शेवटची बोट धरायची. परतीला तासभर लागतो. नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्यास्त सहा ते साडेसहाच्या दरम्यान असल्याने तो नेमका वाटेत गाठतो. त्यातही डिसेंबरची गंमत वेगळी. घारापुरीहून गेटवेकडे येणारी बोट नैर्ऋत्येच्या अंगाने चालते आणि त्या महिन्यात सूर्यही त्याच रोखाने मावळतो. बोटीचं नाक सूर्यावर धरल्यासारखं वाटतं. फेब्रुवारीनंतर मात्र हे जमत नाही, सूर्य मावळायच्या आत तुम्ही धक्क्याला लागलेले असता. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं विसरू नका. आणि शेवटच्या बोटीची नेमकी वेळ बेटावर उतरल्या उतरल्या तिथल्या माणसाला विचारा. एकशे वीस पायऱ्या चढून गेल्यावर विचारायला कुणी सापडत नाही.

*मांडव्याहून परतीची बोट.* सूर्य समुद्रातच बुडायला हवा असेल तर ही. गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरान (जोडतळाच्या मोठ्या बोटी) आणि लाँच साधारण पाऊण ते एक तासात पोचवतात. दुपारची बोट पकडून जा, जेट्टीवर चहा घ्या आणि सूर्यास्ताच्या पंधरा-वीस मिनिटं आधी सुटणाऱ्या बोटीने परत या. परतताना डावीकडे बसा. बोट उत्तरेकडे चाललेली असते आणि डावीकडे बंदराचं तोंड खुल्या समुद्राकडे उघडं असतं. निम्मी वाट सरेपर्यंत मध्ये जमीन येत नाही. पुढे कुलाब्याचं टोक आडवं येतं, तोवर काम झालेलं असतं.

सापळा इथेच आहे. शेवटच्या बोटीवर विसंबून राहू नका. रविवारी अलिबागहून परतणाऱ्यांची झुंबड असते, आणि बोट चुकली तर पेण-पनवेल करत रस्त्याने शंभरेक किलोमीटर यावं लागतं. माझ्या मैत्रिणीने हे केलंय. तिच्यासमोर मांडव्याचं नाव काढायची सोय नाही. परतीचं तिकीट जातानाच काढा, शेवटच्याच्या आधीची बोट धरा आणि हे सगळं आठवड्याच्या मधल्या वारी करा.

*शिडाची नौका किंवा यॉट भाड्याने.* सहा-आठ जणांचा कंपू असेल तर तासाच्या हिशेबाने मिळते. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस असल्या निमित्तांना लोक घेतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या: किती माणसं चालतील, तास धक्क्यावरून मोजणार की नौकेवर चढल्यापासून, वारा पडला किंवा हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख, आणि करांसकट एकूण किती. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही फसलो होतो. यॉट पाण्यात नांगरून उभी असते आणि तिथवर छोट्या होडीतून नेतात. त्या होडीची वाट बघण्यात आमची वीस मिनिटं गेली आणि ती आमच्याच तासातून कापली गेली.

३. महिना आणि घड्याळ

पावसाळ्यात, म्हणजे मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात. बंदरातल्या फेऱ्याही हवेवर अवलंबून. त्या दिवसांत बेत आखूच नका.

आकाश सर्वांत स्वच्छ असतं ते पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात. उकाडा असतो, पण रंग खरे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखाची असते, पण शहरावर धुरकट थर बसतो आणि कित्येकदा सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्या राखाडीत विरून जातो. गुलाबी थंडीतला तांबडा सूर्यास्त मनात धरून आलेल्यांचा इथे विरस होतो, म्हणून आधीच सांगितलं.

मुंबईतल्या सूर्यास्ताच्या वेळा अंदाजासाठी: ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहा, नोव्हेंबरअखेर सहाच्या ठोक्याला, जानेवारीअखेर साडेसहा, मार्चअखेर सातला थोडी कमी, मे अखेर सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. नोव्हेंबर आणि मे यांत तासाहून अधिक फरक पडतो. मागच्या वेळी गेलेल्या मित्राने ‘साडेसहाची बोट घे’ म्हटलं तर तो कोणत्या महिन्यात गेला होता ते विचारा.

बंदरातल्या फेरीसाठी बोट सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी सुटलेली बरी. आणि सूर्य गेला म्हणून मोबाइल खिशात घालू नका. खरा रंग त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत चढतो, तोवर गेटवे आणि ताजचे दिवेही लागतात.

४ डिसेंबर हा नौदल दिन. त्याच्या आगेमागे गेटवेवर कार्यक्रम आणि सराव असले की आवाराचे नियम बदलतात, कधी सर्वसामान्यांना प्रवेश बंद होतो. मोठे पाहुणे येणार असले तरी तेच. निघण्यापूर्वी बातम्या चाळा.

४. तिथी बघा

ही पायरी कुठलीही माहितीपुस्तिका सांगत नाही, आणि घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर हीच सर्वांत महत्त्वाची.

मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भरतीला बोट पायऱ्यांच्या बरोबरीने उभी असते, एक पाऊल टाकलं की आत. ओहोटीला तीच बोट खोल खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या, शेवाळाने बुळबुळीत झालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. पौर्णिमेचं चांदणं बोटीतून बघू या म्हणून मी आत्याला हौसेने घेऊन गेले होते. चांदणं दिसलं. पण तिला उतरवताना दोन खलाशी, मी आणि एक अनोळखी मुलगा असे चौघं लागलो. गुडघ्यांची तक्रार तिने पुढे आठवडाभर सांगितली, चांदण्याबद्दल चकार शब्द नाही.

पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. म्हणजे संध्याकाळी सहा-सातला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. हे नंतर लक्षात आलं. कोकणात लहान पोरालाही पाठ असलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्येनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे धरा, पण बेत ठरवायला पुरतो.

थोडक्यात, वयस्कर मंडळी सोबत असतील तर सप्तमी ते एकादशी यांतला दिवस निवडा. चतुर्दशी ते द्वितीया टाळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं.

५. सोबत काय घ्यायचं

- सरकारी ओळखपत्र. यॉटसाठी सगळ्यांची नावं आणि वयंही लिहून ठेवा, ती आधी मागतात.
- सुटे पैसे. काही बोटींवर वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे बोटीतच घेतात आणि तिथे पाचशेची नोट काढली की सगळे आपल्याकडे बघतात.
- मागे पट्टा असलेल्या, रबरी तळव्याच्या चपला. उंच टाचा नकोत.
- मांडव्याच्या फेरीला पातळ जॅकेट किंवा शाल. दिवस गेल्यावर वारा बोचतो.
- मोबाइल गळ्यात अडकवायची दोरी. पाण्यात पडलेला फोन परत येत नाही.
- बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि वडापाव ठासूनही जाऊ नका.

मोठ्या बॅगा आणू नका. दारू, लायटर, चाकू तर नकोच. गेटवेच्या आवारात शिरताना तपासणी होते.

६. पोचणं आणि तिकीट

चर्चगेटहून चालत पंचवीस मिनिटं, सीएसएमटीहून थोडं जास्त. दोन्हीकडून बस आणि टॅक्सी आहेत. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांनी हुतात्मा चौकाला उतरावं, तिथून काळा घोड्याच्या बाजूने रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत पोचता. स्वतःची गाडी आणू नका, जागा शोधण्यातच सूर्य मावळेल. सुट्टीच्या दिवशी तपासणीची रांग लांबते, म्हणून बोटीच्या तासभर आधी आवारात असा.

आत शिरण्याआधीच फूटपाथवर ‘बोट, बोट, लास्ट बोट’ म्हणणारे भेटतील. नेहमीच लास्ट बोट असते. त्यांच्याकडे लक्ष न देता थेट तिकीट खिडकीवर जा, फलकावरचे दर वाचा आणि तीन गोष्टी विचारा: फेरी किती वेळाची, सुटणार कधी, आणि कोणत्या नंबरच्या जेट्टीवरून. ‘भरली की सुटेल’ असं उत्तर आलं तर सूर्यास्ताच्या फेरीसाठी ते तिकीट घेऊ नका. बोट भरेपर्यंत अंधार पडल्याचं मी पाहिलंय. तिकिटावर लिहिलेली फेरी आणि तुम्ही मागितलेली फेरी एकच आहे ना, तेही खिडकीवरच बघा.

७. चढताना

बोटी एकीला एक चिकटून उभ्या असतात. तुमची तिसरी असेल तर पहिल्या दोन ओलांडून जावं लागतं. दोन बोटींमधलं अंतर क्षणात वाढतं आणि क्षणात मिटतं. खलाशी हात पुढे करतो तेव्हा लाजू नका, त्याचं मनगट धरा आणि तो ‘चला’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. हातात फोन नको, आईसक्रीम नको, कडेवर मूल असेल तर ते आधी खलाशाकडे द्या. कठड्याला बोटं अडकवून उभं राहू नका, दोन बोटी आपटल्या तर बोटं चेमटतात.

लाइफ जॅकेट अंगात घाला. नुसतं मांडीवर ठेवायचं नाही, पट्टे बांधायचे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि कित्येक जीव गेले. तेव्हापासून जॅकेटची सक्ती आहे, तरी फोटोसाठी काढून ठेवणारे दिसतातच. मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का ते बोट सुटायच्या आधी मागून घ्या. जॅकेट कमी पडत असतील किंवा माणसं कोंबलेली दिसली तर उतरून पुढची बोट घ्या. वाद घालत बसू नका, पण उतरा.

८. बोटीवर

वरच्या डेकवरून चांगलं दिसतं पण डुलतंही तिथेच जास्त. पोटाची खात्री नसेल तर खाली, मधोमध, नजर लांब क्षितिजावर. फेरी सुरू झाल्यावर सगळे एकाच बाजूला धावतात. खलाशी ओरडतो ते बोट एका अंगावर कलते म्हणून.

निघाल्यावर उत्तरेला नौदलाची गोदी दिसेल. तिथे कॅमेरा खाली. युद्धनौका आणि गोदीचे फोटो काढायला मनाई आहे, ड्रोन तर विसराच. नुसतं बघायला हरकत नाही, आणि बघण्यासारखं आहे. याच गोदीत वाडिया कुटुंबातल्या कारागिरांनी सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगतंय. १९४६च्या फेब्रुवारीत नौसैनिकांचं बंड झालं तेही या बंदरात.

मागे वळून ताज आणि गेटवे बघा. बहुतेकांना गेटवे आधीचं वाटतं. ताज १९०३चं, गेटवे १९२४ साली पुरं झालं. म्हणजे वीस-एकवीस वर्षं बोटींतून येणाऱ्यांना फक्त ताजच दिसत होतं. आणि ज्या कमानीतून राजांचं स्वागत करायचं होतं, तिच्याखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी निघून गेली.

हिवाळ्यात बोटीमागे कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा लागतो. लोक त्यांना वेफर्स आणि फरसाण टाकतात, पक्षी हातातून उचलतात, फोटो झकास येतो. तळलेलं-खारवलेलं त्यांचं खाणं नव्हे. टाकू नका. ते तसेही मागे येतात.

फोटोसाठी एकच सूचना: सूर्य कमानीमागे असताना माणसांचे चेहरे काळेच येणार. चेहरे हवे असतील तर बोट सुटल्या सुटल्या, ऊन असतानाच काढून घ्या, नंतर फक्त आकाश आणि इमारती.

९. उतरताना

बोट पूर्ण बांधली जाईपर्यंत उठू नका. परत येईस्तोवर पाणी खाली गेलेलं असू शकतं, म्हणजे चढताना सोपी वाटलेली जागा उतरताना अवघड. मागच्यांना पुढे जाऊ द्या, शेवटी सावकाश उतरा, अंधारात शेवाळ दिसत नाही.

बाहेर टॅक्सीसाठी गेटवेसमोर उभं राहिलात तर भाव चढा सांगतात. पाच मिनिटं रीगल सिनेमाच्या चौकापर्यंत चालत या आणि मीटरने जाणारी पकडा. आत्याला मी तिथेच बाकावर बसवून टॅक्सी शोधली होती. पुढच्या वेळी अष्टमीला नेईन म्हटलं, तर म्हणाली, आधी पंचांग मला दाखव.